एका गोळीसारखी दुसरी

मॅक मॅकमिलन या अमेरिकन नेमबाजाने 23 सप्टेंबर 1973 रोजी शंभर यार्डांवरच्या कागदावर लागोपाठ पाच गोळ्या झाडल्या. कागदावर भोक एकच पडलं. अशा वेळी मोजायची रीत ठरलेली आहे. भोकाची जास्तीत जास्त रुंदी घ्यायची आणि तीतून एका गोळीचा व्यास वजा करायचा. उरतं ते एकमेकींपासून सर्वांत लांब पडलेल्या दोन गोळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर. नेमबाज याला ग्रुप म्हणतात. मॅकमिलनचा ग्रुप 0.009 इंचांचा निघाला, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. हा विक्रम चाळीस वर्षं टिकला. 2013 साली माइक स्टिनेटने 0.0077 इंचांचा ग्रुप मारला तेव्हा तो मोडला.

या खेळाला बेंचरेस्ट म्हणतात. रायफल दगडी किंवा काँक्रीटच्या टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली असते. माणसाच्या हाताची थरथर, श्वास, दमणं यांना शक्य तेवढं खेळाबाहेर काढलेलं असतं. मग उरतं काय? रायफल, वारा आणि काडतूस. वारा कोणाच्या हातात नाही. रायफल एकदा बनवून घेतली की बनवून घेतली. रोज संध्याकाळी ज्यात हात घालता येतो असं एकच उरतं, ते काडतूस. म्हणून या खेळात दुकानातलं काडतूस जवळपास कोणी वापरत नाही. जो तो आपलं आपण भरतो.

रायफलच्या काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पुंगळी मात्र शाबूत राहते, आणि चारांतली सर्वांत महाग वस्तू तीच असते. ती उचलायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू ओतायची, गोळी दाबायची. इतकंच. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातले शिकारी हे काटकसरीपोटी करत. न्यू हेवनच्या जॉन बार्लोने 1884 साली ‘आयडियल’ नावाने सांडशीसारखी हत्यारं विकायला काढली ती अशाच माणसांसाठी, ज्यांच्यापासून गावातलं दुकान चार दिवसांच्या वाटेवर होतं. आपल्याकडे कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका असत आणि अजून कुठे कुठे आहेत, त्यांत दर बाराला दारू ठासणं ओघानेच आलं. तिथे मापाचा प्रश्न फारसा येत नाही, कारण डुक्कर तीस पावलांवर असतं.

मापाचा प्रश्न आला तो जर्मन वंशाच्या अमेरिकन नेमबाजांमुळे. त्यांच्या शूत्झेन क्लबांत दोनशे यार्डांवर, उभं राहून, संथपणे नेम धरायची पद्धत होती. त्यांच्यातले चोखंदळ लोक अख्ख्या स्पर्धेत एकच पुंगळी वापरत. बार काढायचा, पुंगळी बाहेर घ्यायची, तिथेच टेबलावर भरायची, पुन्हा आत. दहा बारांना दहा पुंगळ्या म्हणजे दहा वेगवेगळे स्वभाव, त्यापेक्षा एकच बरी, हा हिशेब. हार्टफर्डच्या हॅरी पोपने त्यांच्यासाठी नळ्या बनवल्या. त्यांत गोळी तोंडाकडून घालायची आणि दारूची पुंगळी मागून. अशाच एका पोप रायफलने कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या सी. डब्ल्यू. रोलंडने 1901 साली दोनशे यार्डांवर दहा गोळ्या पाऊण इंचाच्या आत, 0.725 इंचांत बसवल्या. शिशाची गोळी, दुर्बिणीच्या काचा आजच्या मानाने बेताच्या, आणि तरी हा आकडा. आजही दुकानातून आणलेल्या बऱ्याच रायफली तो गाठत नाहीत.

पण गोळी का चुकते, हे शास्त्रासारखं विचारलं ते मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डच्या फ्रँकलिन मॅन या डॉक्टराने. डॉक्टरकी त्याने फारशी केली नाही. कोंबड्यांच्या खाद्यासाठी ताजी हाडं चिरणारं यंत्र त्याने काढलं, ते चाललं, आणि त्या पैशावर त्याने घरच्या आवारात गोळीबाराची प्रयोगशाळा उभी केली. गोळीच्या वाटेवर ओळीने कागदाचे पडदे लावायचे आणि कोणत्या पडद्यावर तिने किती झोल खाल्ला ते भोकांवरून वाचायचं. नळी दस्त्यातून काढून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेत ठेवायची, म्हणजे लाकडाचा दोष बाजूला पडतो. आयुष्यभराच्या या उद्योगाचं पुस्तक 1909 साली निघालं. त्याच्या बोलण्याचा गाभा असा, की गोळीचं वजन तिच्या मध्यरेषेभोवती सारखं वाटलेलं नसेल, किंवा ती नळीत तिरकी शिरली असेल, तर नळीबाहेर पडताक्षणी ती आपला दोष दाखवते. पोपसारखे कारागीर हातांनी जे जाणत होते ते मॅनने कागदावर आणलं. माझ्या मते या सगळ्या छंदाचा खरा मूळपुरुष तोच. बाकीचे हत्यारवाले.

हत्यारवाल्यांची कथाही कमी रंजक नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत खासगी नेमबाजांना गोळ्या मिळेनाशा झाल्या. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनने तेव्हा एक डाय म्हणजे साचा बनवला. पॉइंट टू-टूच्या रिकाम्या पुंगळ्या टाकाऊ असत, कारण त्या पुन्हा भरता येत नाहीत. (का येत नाहीत, ते पुढे येईल, आणि त्याचा कोल्हापूरशी संबंध आहे.) हंटिंग्टनच्या डायमधून ती पुंगळी ताणली की तिचं मोठ्या रायफलीच्या गोळीसाठी तांबूस-पिवळं कवच तयार होई. आत शिसं भरायचं, झाली गोळी. या गोळ्या रॉकचक नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यावर वापरायच्या म्हणून हत्याराचं नाव पडलं रॉकचक बुलेट स्वेज, आणि कंपनी झाली आरसीबीएस. आयडाहोतल्या व्हर्नन स्पीअरनेही याच भंगारातून गोळ्यांचा धंदा उभारला. युद्ध संपलं आणि सरकारकडे दारूचे ढीग उरले. कॅन्ससकडच्या ब्रूस हॉजडनने विम्याची पॉलिसी गहाण टाकून ती दारू घेतली, भाड्याच्या कुरणात रेल्वेचा जुना डबा उभा करून त्यात साठवली आणि मासिकांत बोटभर जाहिराती देऊन पौंडांवर विकली. नेब्रास्कातल्या जॉइस हॉर्नडीने 1949 मध्ये गोळ्या बनवायला घेतल्या. ही सगळी नावं आजही डब्यांवर आहेत. लष्कराच्या उरल्यासुरल्यावर नागरिकांचा छंद असा पोसला गेला.

आता गॅरेजमधलं टेबल पाहू. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. टेबलाला बोल्टने आवळलेला प्रेस, त्यात पोलादी डाय, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि सोनाराच्या तराजूहून नाजूक काटा. दारू ग्रेनमध्ये तोलतात. पौंडाला 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेचा. मध्यम रायफलीच्या काडतुसात चाळीस-पंचेचाळीस ग्रेन दारू मावते आणि चांगला काटा ग्रेनचा पन्नासावा भाग दाखवतो. एवढं वजन दारूच्या एका कांडीचं असतं. रात्री अकरा वाजता चिमट्याने एक कांडी काढणारे आणि एक घालणारे लोक जगात आहेत.

पुंगळीची मशागत हा सर्वांत वेळखाऊ भाग. कारखान्याला जगातल्या प्रत्येक रायफलीच्या चेंबरमध्ये शिरेल असं काडतूस करावं लागतं, म्हणून ते अंमळ सैल ठेवतात. बार झाल्यावर पितळ फुगून चेंबरला चिकटतं आणि त्याच रायफलीच्या मापाचं होतं. घरी भरणारा ते माप मोडत नाही. पुंगळीचा खांदा इंचाचे एक-दोन हजारांश मागे ढकलतो, तेवढ्याने ती पुन्हा सहज आत जाते आणि गोळी नळीच्या मध्यरेषेत उभी राहते. मानेची जाडी सगळीकडून सारखी हवी, म्हणून मान बाहेरून तासतात. टोपीची ठिणगी आत जाते त्या भोकाची बुरी काढतात. चार-पाच वेळा वापरलं की मानेचं पितळ ताठर होतं आणि गोळीवरची तिची पकड बदलते, तेव्हा मान तापवून मऊ करावी लागते. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत का घालतात ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मग गोळी किती खोल बसवायची. नळीतले पीळ जिथे सुरू होतात तिथपर्यंत गोळीला किती मोकळी उडी घ्यावी लागते, यावर बरंच अवलंबून असतं, आणि प्रत्येक गोळीची आवड निराळी. कोणी पिळाला टेकवून बसवतो, कोणी अंतर सोडून.

धोका इथेच आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. पॉइंट थ्री-झिरो-एट या प्रचलित काडतुसाला चौरस इंचाला 62,000 पौंडांपर्यंत दाबाची मर्यादा घालून दिलेली आहे. हा हवेच्या दाबाच्या चार हजारपट झाला. गालापासून वीतभर अंतरावर. चुकीच्या डब्यातली दारू, किंवा काही काडतुसांत बोलण्याच्या नादात दोनदा ओतलेली दारू, रायफल फोडते. म्हणून जाणते लोक टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात, छापील तक्त्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात करतात आणि भरताना टीव्ही लावत नाहीत.

एवढ्या सोपस्कारांपैकी कामाचे किती? या प्रश्नावर हा छंद धर्मासारखा वागतो. प्रत्येकाचे विधी आहेत आणि प्रत्येकाला प्रचिती आलेली आहे. म्हणून ह्यूस्टनच्या गोदामाची गोष्ट महत्त्वाची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टी. जे. जॅक्सन, व्हर्जिल किंग आणि त्यांच्या मित्रांना टेक्ससमधल्या या शहरात सव्वातीनशे यार्ड लांबीचं बंदिस्त गोदाम नेमबाजीसाठी मिळालं. वारा नाही, तापलेल्या जमिनीची लहर नाही. मॅनला जे हवं होतं ते पाऊणशे वर्षांनी या लोकांना फुकटात मिळालं. त्यांचं काडतूस सहसा सहा मिलिमीटरचं पीपीसी. ते लुई पाल्मिसानो हा पेनसिल्व्हेनियातला शल्यविशारद आणि फेरिस पिंडेल हा डाय बनवणारा कारागीर यांनी 1975 साली बेतलेलं. त्याची पुंगळी मूळची रशियन घराण्यातली, कलाश्निकोवच्या काडतुसाची नात. डेव्ह स्कॉटने 1993 साली ‘प्रिसिजन शूटिंग’ मासिकात गोदामातल्या या प्रयोगांवर लेख लिहिला तो अजून वाचला जातो. वारा गेल्यावर बहुतेक रायफली आपापल्या मर्यादेला येऊन थांबल्या. एका भोकात एक असे ग्रुप सातत्याने देणाऱ्या रायफली हातावर मोजण्याइतक्या निघाल्या. तिथून खाली काडतुसाची कितीही आराधना केली तरी नळी ऐकत नव्हती.

दारूची गोष्ट तर कांडी मोजणाऱ्यांना बोचणारी आहे. बेंचरेस्टचे मातब्बर मैदानावर दारू तोलतच नाहीत. ते मापाने ओततात, मूठ फिरवली की ठरावीक घनफळ पडतं. दर बाराला वजनात ग्रेनच्या दशांशाएवढा फरक राहतो आणि तरी शंभर यार्डांवर विक्रम होतात. याचं कारण साधं आहे. गोळीच्या वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला तर शंभर यार्डांवर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वर-खाली होते. हजार यार्डांवर तोच फरक अडीच-तीन इंचांचा होतो. तिथे एफ-क्लास नावाची स्पर्धा चालते. कॅनडाचे जॉर्ज फार्कुहारसन यांनी, उताराला लागलेल्या नेमबाजांना टेकूवर रायफल ठेवून खेळता यावं म्हणून ती सुरू केली आणि एफ अक्षर त्यांच्याच आडनावाचं. तिच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ दहा इंचांचं आणि आतलं एक्स पाच इंचांचं. तीन इंच तिथे परवडत नाहीत, म्हणून एफ-क्लासवाला कांडी मोजतो ते शहाणपणाचं आहे. शंभर यार्डांवर नेम मारणारा मोजतो, तेव्हा तो मनाची समजूत घालत असतो.

समजूत घालण्याचं दुसरं साधन म्हणजे तीन गोळ्यांचा ग्रुप. व्हर्माँटच्या क्रेटन ऑडेटने ‘शिडी’ची चाचणी रूढ केली: दारू थोडी थोडी वाढवत जायचं, गोळ्या कागदावर कुठे पडतात ते पाहायचं, आणि ज्या पट्ट्यात त्या एकत्र राहतात ते प्रमाण उचलायचं. ऐकायला सुरेख. पुढे तिची अनेक रूपं निघाली आणि आज बहुतेक लोक दहा प्रमाणांच्या प्रत्येकी तीन गोळ्या मारून सर्वांत लहान ग्रुप खिशात घालून घरी जातात. इथे संख्याशास्त्राचा मामला येतो. ज्या रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच, तिचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी 0.63 इंच येतो, काहीही न बदलता. आणि तो सरासरीला चिकटून राहत नाही. कधी 0.4 इंच, कधी 0.86 इंच हा त्याचा रोजचा वावर. म्हणजे दहाही पिशव्यांत तंतोतंत एकच काडतूस भरून दिलं तरी माणसाला त्यांत एक ‘लाडकं’ आणि एक ‘दळभद्री’ सापडणारच. पुढच्या रविवारी लाडकं रुसतं, मग दोष हवेला, टोपीला, नाहीतर बायकोने मध्येच मारलेल्या हाकेला. हॉर्नडी कंपनीच्या तंत्रज्ञांनी 2022 मध्ये जाहीरपणे सांगितलं की वीस-तीस गोळ्या मारल्याशिवाय काडतुसाविषयी बोलू नका. गोळ्या विकणाऱ्यांनी जास्त गोळ्या मारायला सांगणं यात हसू येण्यासारखं आहे खरं, पण गणित त्यांच्या बाजूने आहे. अडचण एवढीच की नळीला आयुष्य असतं. तापट काडतुसांच्या नळ्या हजार-दीड हजार बारांत झिजतात. दहा प्रमाणांच्या तीस-तीस गोळ्या मारल्या तर उत्तर मिळेपर्यंत नळीचा निदान पाचवा हिस्सा संपलेला असतो.

मग ग्रुप खरोखर कशाने लहान होतो? या प्रश्नावर मोठ्या प्रमाणात मोजणाऱ्यांचं आणि ह्यूस्टनवाल्यांचं बोलणं बरंच जुळतं: चांगली नळी, चांगली गोळी, एकसारख्या पुंगळ्या, सरळ बसवणूक. इतर उपचारांचा फायदा असला तरी तो इतका बारीक, की हवा थोडी हलली तर दिसेनासा होतो. 2007 साली हॉर्नडीने 6.5 क्रीडमोर हे काडतूस आणलं, ते घरी भरण्याचा कटकटीचा भाग वाचावा याच हेतूने, आणि सुरुवातीच्या खोक्यांवर आतलं दारूचं प्रमाण छापून टाकलं. गुपित म्हणून काही ठेवलंच नाही. आज चांगल्या कारखान्याचं काडतूस निम्म्या छांदिष्टांच्या हातच्याला मागे टाकेल. इंग्लंडमध्ये बिस्लीच्या मैदानावर टार्गेट रायफलवाल्यांनी तर प्रश्नच निकालात काढला आहे. 1860 मध्ये विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते पहिला बार काढून सुरू झालेल्या आणि 1890 मध्ये बिस्लीला हललेल्या या मेळ्यात राणीच्या, आता राजाच्या, बक्षिसासाठी सगळ्यांना एकाच साठ्यातली काडतुसं वाटली जातात. घरचं आणलेलं चालत नाही. वारा कोणाला वाचता येतो तेवढंच तिथे दिसतं. मला विचाराल तर ही व्यवस्था जास्त न्यायाची, पण मॅन डॉक्टर तिथे चार दिवसांत कंटाळला असता.

आता कोल्हापूर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक जिंकलं. त्याआधी 2010 मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये 597 गुणांवर विश्वविजेती झाली होती. दोन्ही प्रकारांत काडतूस पॉइंट टू-टू. लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर, गोळीचा 5.6, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात.

या काडतुसाला वेगळी टोपी नसते. स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात भरलेला असतो आणि फायरिंग पिन तो काठच चेंगरून बार काढते. चेंगरलेला काठ पुन्हा उभा राहत नाही, म्हणून ही पुंगळी दुसऱ्यांदा भरता येत नाही. युद्धकाळात हंटिंग्टनला ती भंगारात मिळाली याचं कारण हेच. शिवाय भारतात शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, तो भाग वेगळाच. तेव्हा आपल्या नेमबाजांच्या वाट्याला प्रेस नाही, डाय नाही, काटा नाही. त्यांच्या वाट्याला येतो लॉट.

बर्मिंगहॅमजवळची एली, फ्युर्थची आरडब्ल्यूएस आणि लापुआ, जिची टू-टू काडतुसं जर्मनीत शोनेबेकला बनतात, हे या खेळातले मोठे कारखाने. त्यांचं सर्वांत महाग काडतूसदेखील एका खेपेत बनलेलं दुसऱ्या खेपेशी पूर्ण जुळत नाही. मसाला, पितळ, शिशावरचं मेण, हत्यारांची झीज, यांतलं काहीतरी तसूभर हलतं. म्हणून खोक्यावर लॉट क्रमांक असतो. नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रात जातो, ती शिकंज्यात आवळतात आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून ग्रुप मोजतात. शेजारच्या रायफलीत सुंदर चाललेला लॉट हिच्यात फाटतो. असं का होतं ते नळी बनवणाऱ्यालाही छातीठोक सांगता येत नाही. बरा लॉट सापडला की जमेल तितका विकत घेऊन ठेवायचा, कारण तो लॉट कारखान्यात पुन्हा बनत नाही.

तीन गोळ्यांचा नियम इथेही लागू आहे. एखाद्या लॉटने दहा गोळ्यांत डोळे दिपवले तर आणखी चाळीस झाडून पाहाव्यात आणि मगच पैसे मोजावेत. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या रेंजवर मुलांना घेऊन जाणारे पालक निम्म्या वेळा रायफलीच्या ब्रँडची चौकशी करतात. त्यांनी आधी प्रशिक्षकाला काडतुसांचा लॉट क्रमांक विचारावा, आणि सरावात व स्पर्धेत मुलाला तोच मिळेल एवढा साठा क्लबकडे आहे का, तेही विचारावं.